एक किलो नायट्रोजन, एक किलो हायड्रोजन

दगडी कोळशात वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के नायट्रोजन असतो. बॉयलरमध्ये कोळसा जाळणाऱ्याला त्याची काळजी धुराड्यापुरतीच. पण त्याच कोळशाचे तेल करून ट्रकच्या किंवा विमानाच्या टाकीत भरायचे म्हटले, की हा टक्काभर नायट्रोजन जागोजागी आडवा येतो. तो उत्प्रेरक निकामी करतो, साठवलेले तेल काळवंडवतो, टाकीच्या तळाशी चिकट गाळ आणतो आणि लोखंड खाण्यालाही हातभार लावतो. गेल्या शंभर वर्षांत जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, जपान, चीन अशा अनेकांनी कोळशाचे तेल करून पाहिले. नायट्रोजन काढणे त्यांना जमले. स्वस्तात काढणे कोणालाही जमले नाही. या विषयावरचे बरेचसे लिखाण नायट्रोजनला निव्वळ घाण समजून चालते. माझ्या मते हिशेब तिथेच चुकायला लागतो.

हा नायट्रोजन कोळशात सुटा नसतो. कार्बनच्या वलयांमध्येच एका कार्बनच्या जागी तो बसलेला असतो. पाच अणूंच्या वलयात असला तर पायरोल, इंडोल, कार्बाझोल ही मंडळी. सहा अणूंच्या वलयात असला तर पायरिडिन, क्विनोलिन, अ‍ॅक्रिडिन. पहिला गट जवळपास उदासीन, दुसरा अल्कधर्मी म्हणजे आम्लाला धरणारा. कोळशात पहिल्या गटाचे प्रमाण सहसा जास्त असते. रसायनशास्त्राला ही नावे जुनी आहेत. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८३४ मध्ये कोलतारमधून अ‍ॅनिलिन, पायरोल आणि क्विनोलिन वेगळे केले. पुढे १८५६ मध्ये तरुण विल्यम पर्किन क्विनाइन करायला गेला आणि अ‍ॅनिलिनपासून हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून सुरू झाला. रंगवाल्यांना हवाहवासा असलेला हा नायट्रोजन इंधनवाल्यांना मात्र डोकेदुखी ठरला.

गंधकाशी तुलना केली की डोकेदुखीचे कारण कळते. गंधकाचे कार्बनशी असलेले बंध तुलनेने कमकुवत असतात. डायबेन्झोथायोफिनसारख्या रेणूतून उत्प्रेरक गंधक थेट उचलून घेऊ शकतो, शेजारच्या वलयांना फारसा हात न लावता. नायट्रोजनचे तसे नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत चिणलेला खांब काढायचा तर आधी भोवतीचे बांधकाम सैल करावे लागते. तसे इथे आधी अख्खे वलय हायड्रोजनने भरावे लागते आणि मगच कार्बन-नायट्रोजन बंध तुटतो.

क्विनोलिनचा एक रेणू घेऊन हे मोजून पाहू. त्यात नऊ कार्बन, सात हायड्रोजन, एक नायट्रोजन. आधी नायट्रोजनचे वलय भरून टेट्राहायड्रोक्विनोलिन होते, मग दुसरेही भरून डेकाहायड्रोक्विनोलिन होते, मग बंध तुटतात आणि शेवटी प्रोपिलसायक्लोहेक्झेन व अमोनिया उरतात. वाटेत हायड्रोजनचे सात रेणू खर्ची पडतात, म्हणजे वजनाने चौदा भाग. निघालेला नायट्रोजनही चौदाच भाग. एक किलो नायट्रोजन काढायला एक किलो हायड्रोजन! डायबेन्झोथायोफिनमधला गंधक थेट काढायला हायड्रोजनचे दोन रेणू पुरतात. तिथे किलोमागे जेमतेम सव्वाशे ग्रॅम हायड्रोजन लागतो.

आता एक टन कच्चे कोळसा-तेल घ्या, त्यात एक टक्का म्हणजे दहा किलो नायट्रोजन धरा. तो या वाटेने काढायला दहा किलो हायड्रोजन हवा. हा हायड्रोजन बहुधा कोळशाच्याच वायूकरणातून येतो, आणि तसा एक किलो हायड्रोजन तयार करताना साधारण १८ ते २० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे टनभर तेलामागे नुसत्या नायट्रोजनच्या खात्यावर जवळपास दोनशे किलो. कोळसा द्रवरूप करण्यासाठी लागणारा हायड्रोजन यात धरलेलाच नाही.

मात्र या दहा किलोंपैकी अमोनियाबरोबर बाहेर पडतो तो फक्त दोन किलोच्या आसपास. उरलेला आठ किलो तेलातच राहतो, भरलेल्या वलयांच्या रूपाने. कोळशातच मुळात हायड्रोजनची चणचण असते: पेट्रोल-डिझेलमध्ये एका कार्बनमागे साधारण दोन हायड्रोजन असतात, कोळशात जेमतेम पाऊण ते एक. तेव्हा नायट्रोजनपायी 'वाया गेलेला' म्हणून ज्या हायड्रोजनच्या नावाने बोटे मोडली जातात, त्यातला बराचसा इंधन सुधारण्याच्याच कामी आलेला असतो. किती आला, हे त्या इंधनाचे पुढे काय करायचे यावर ठरते.

हे सगळे औद्योगिक पातळीवर आधी जर्मनीत घडले. फ्रीडरिश बेर्गिउसने १९१३ मध्ये दाबाखाली हायड्रोजन देऊन कोळशाचे तेल करण्याचे पेटंट घेतले. १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला कार्ल बॉशबरोबर विभागून मिळाले. प्रत्यक्ष कारखाना १९२७ मध्ये लॉयना येथे चालू झाला. लॉयना मुळात पहिल्या महायुद्धात उभारलेला अमोनियाचा कारखाना. प्रचंड दाबाखाली हायड्रोजन हाताळायची विद्या तिथे अमोनिया करता करताच अंगवळणी पडली होती. ज्या हायड्रोजनने हवेतल्या नायट्रोजनला पकडून अमोनिया केला, त्याच हायड्रोजनने आता तेलातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने हुसकायचा होता. ब्रिटनमध्ये बिलिंगहॅमला १९३५ मध्ये कोळशापासून पेट्रोल करू लागलेला कारखानाही अमोनियाच्याच आवारातला.

लॉयनात मथियास पीअरच्या चमूने काम दोन टप्प्यांत विभागले. पहिल्या टप्प्यात कोळशाचा लगदा स्वस्त लोहयुक्त उत्प्रेरकासह द्रवरूप करायचा. दुसऱ्या टप्प्यात त्या तेलाची वाफ गंधकयुक्त टंगस्टनवरून न्यायची. दुसऱ्या टप्प्याचेही पुढे दोन भाग पडले, आणि त्यामागे नायट्रोजन होता. टंगस्टन सल्फाइडचा ५०५८ क्रमांकाचा उत्प्रेरक दणकट होता, पण त्याचे पेट्रोल हलक्या प्रतीचे. आम्लधर्मी मातीवर टंगस्टन बसवून केलेला ६४३४ चांगले पेट्रोल द्यायचा, पण अल्कधर्मी नायट्रोजनचा अंश जरी आला तरी त्याची आम्लस्थाने बुजायची. म्हणून आधी नुसते शुद्धीकरण, मग तोडणी, असा क्रम बसला. आजच्या बहुतेक हायड्रोक्रॅकरमध्ये, म्हणजे हायड्रोजन देऊन जड तेल तोडणाऱ्या संचांत, हाच क्रम आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत असे बारा कारखाने होते आणि लढाऊ विमानांचे जवळजवळ सगळे पेट्रोल तिथून यायचे. मे १९४४ पासून दोस्तांच्या बॉम्बफेकीने हे कारखाने निकामी होत गेले. युद्धाच्या काळात खर्चाचा प्रश्न विचारायची कोणाला सवड नव्हती, त्यामुळे या पर्वातून तंत्र शिकावे, अर्थशास्त्र शिकू नये.

युद्धानंतर अमेरिकेने मिसुरी राज्यातल्या लुइझियाना नावाच्या गावी प्रयोग-कारखाना चालवला, तो १९५३ मध्ये बंद झाला. युनियन कार्बाइडने वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट या गावी पन्नासच्या दशकात रसायनांसाठी कोळशाचे हायड्रोजनीकरण केले. तिथल्या कामगारांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण चिंताजनक दिसले आणि १९६० मध्ये त्यावरचे निबंध प्रसिद्ध झाले. (हे तेच गाव, जिथल्या कारखान्यात पुढे मिथाइल आयसोसायनेट होऊ लागले. भोपाळनंतर जगाचे लक्ष त्याच्याकडे वळले.)

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने पुन्हा कंबर कसली. वॉशिंग्टन राज्यात फोर्ट लुईसला, केंटकीत कॅटलेट्सबर्गला, टेक्सासात बेटाउनला, अलाबामात विल्सनव्हिलला निरनिराळ्या पद्धतींचे संच उभे राहिले. त्या तेलांत साधारण एक टक्का नायट्रोजन, त्याच्या तिप्पट-चौपट ऑक्सिजन, पण गंधक त्यामानाने थोडे. नेहमीच्या खनिज तेलात नेमके उलट: गंधक भरपूर, नायट्रोजन बहुधा टक्क्याचा दहावा-पाचवा हिस्सा. म्हणजे गंधकावर आयुष्य घालवलेल्या रिफायनरी-अभियंत्यांपुढे ओळखीच्या उपकरणांत अनोळखी तेल आले.

या पर्वातली सर्वांत बोलकी गोष्ट विल्सनव्हिल आणि फोर्ट लुईसच्या ऊर्ध्वपातन मनोऱ्यांत घडली. मनोऱ्याच्या मधल्या थाळ्या भराभर झिजू लागल्या. वर ठीक, खाली ठीक, मधलाच पट्टा खाल्लेला. आणि खाल्लेला भाग साध्या पोलादापुरता नव्हता, स्टेनलेस स्टीलच्याही थाळ्या गेल्या. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या धातुतज्ज्ञांनी कारण शोधले. कोळशात थोडे क्लोरीन असते, त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. एरवी ते वायूबरोबर निघून गेले असते. पण तेलातल्या अल्कधर्मी नायट्रोजन-रेणूंनी त्याला धरून क्षार केले, आणि हे क्षार एका ठरावीक तापमानाच्या पट्ट्यात फुटून जुळून पुन्हा फुटत तिथेच आम्ल साठवत राहिले. नायट्रोजनने स्वतः लोखंड खाल्ले नाही, खाणाऱ्याला मात्र नेमक्या जागी नेऊन पोहोचवले. कोळशाच्या लगद्यात सोडियम कार्बोनेट घालून क्लोरीन आधीच बांधून टाकल्यावर झीज आटोक्यात आली. प्रयोगशाळेत शुद्ध क्विनोलिन घेऊन वर्षानुवर्षे प्रयोग केले असते तरी हे कळले नसते.

त्याच काळात रिचलंडच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने कोळसा-तेलांच्या जड भागांची जिवाणूंवर चाचणी घेतली. जनुकांत बदल घडवणाऱ्या द्रव्यांमध्ये अमिनो गट लागलेले बहुवलयी रेणू पुढे निघाले. तेच तेल हायड्रोजन देऊन शुद्ध केल्यावर हा गुण झपाट्याने उतरला. तेव्हा वाहतूक, साठवण आणि हाताळणीतल्या माणसांच्या दृष्टीनेही शुद्धीकरण कारखान्याच्या आतच, शक्य तितक्या लवकर व्हायला हवे.

लोकप्रिय लेखांत मात्र कारण वेगळे दिले जाते. इंधनातला नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडे होतात, म्हणून तो काढायचा. बॉयलर आणि टर्बाइनसाठी हे खरे आहे. गाडीच्या इंजिनात ही ऑक्साइडे मुख्यतः हवेतल्याच नायट्रोजनपासून, उच्च तापमानामुळे तयार होतात. गाडीच्या इंधनासाठी खरी कारणे आडवळणाची आहेत. पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणारा प्लॅटिनमचा रिफॉर्मर दशलक्षात अर्ध्या भागाहून जास्त नायट्रोजन सहन करत नाही. डिझेलमधले हट्टी गंधक काढायचे तर उत्प्रेरकाच्या ज्या जागा हव्यात, त्या नायट्रोजन-रेणू आधीच अडवून बसतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भागांवर आली. त्या मर्यादेखाली उतरायचे तर आधी नायट्रोजन उतरवावा लागतो. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत डिझेल-शुद्धीकरण संचांवर काम करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही; फीडमधला नायट्रोजन वाढला की तापमान वाढवावे लागते आणि तापमान वाढले की उत्प्रेरकाचे आयुष्य घटते.

उत्प्रेरकांच्या आघाडीवर पन्नास वर्षे भरपूर काम झाले, आणि मूळ घडण फारशी बदलली नाही. अ‍ॅल्युमिनावर बसवलेले मॉलिब्डेनम सल्फाइडचे पापुद्रे, त्यांच्या कडांवर गंधकासाठी कोबाल्ट, नायट्रोजनसाठी निकेल. डेन्मार्कमध्ये हेन्रिक टॉप्सो यांच्या गटाने या कडांवरच्या अणूंची मांडणी उलगडली; मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स सॅटरफील्ड यांनी क्विनोलिनचे टप्पे बारकाईने मोजले; झुरिकमध्ये रूल प्रिन्स यांनी बंध नेमका कसा तुटतो त्याचा पाठपुरावा केला. या कामातून एक पेच स्पष्ट झाला. तापमान वाढवले तर प्रक्रिया वेगाने होते, पण वलय भरण्याची क्रिया उष्णता सोडणारी असल्याने समतोल उलट दिशेला झुकतो. मग दाब वाढवावा लागतो. कोळसा-तेलासाठी १०० ते २०० बार दाब आणि ३५० ते ४२० अंश सेल्सिअस तापमान लागते ते यामुळे; जाड पोलादाच्या जड रिअ‍ॅक्टरांचा खर्च यातूनच येतो. आणखी एक गंमत: हा उत्प्रेरक गंधकाशिवाय टिकत नाही. कोळसा-तेलात गंधक कमी पडले तर ते मुद्दाम बाहेरून घालावे लागते.

निकेल फॉस्फाइड, धातूंची नायट्राइडे आणि कार्बाइडे यांच्यावरही खूप निबंध आले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा एक दोष आहे: स्वच्छ द्रावकात एकच रेणू. खऱ्या कोळसा-तेलात फिनॉल असतात, पाणी सुटते, अमोनिया स्वतःच आड येतो, जड रेणूंचा कोक उत्प्रेरकावर चढतो, लोह आणि टायटॅनियमचे कण छिद्रे बुजवतात. असे तेल महिनोन्‌महिने वाहवून पाहिल्याखेरीज उत्प्रेरकाविषयी काही बोलू नये. २००१ च्या सुमारास बाजारात आलेला निकेल-मॉलिब्डेनम-टंगस्टनचा आधाराविना उत्प्रेरक मात्र रिफायनऱ्यांत खराच वापरात गेला. तो महाग, पण नायट्रोजनवर भारी.

'निवडक' उत्प्रेरकाचे स्वप्नही जुनेच. क्विनोलिनचे दुसरे वलय न भरता नायट्रोजन काढता आला तर हायड्रोजनचे सातऐवजी चार रेणू पुरतील. हिशेब मोहक आहे. मात्र हाती येते ते प्रोपिलबेन्झिन, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक. पेट्रोलला ते चालते, डिझेलला नाही. बीएस-६ डिझेलला किमान ५१ सीटेन (पेट घेण्याची तयारी मोजणारा अंक) लागतो, आणि कोळसा-डिझेल सगळी वलये भरूनही बऱ्याचदा चाळिशीतच घुटमळते. वाचवलेला हायड्रोजन पुढच्या टप्प्यात व्याजासकट परत द्यावा लागतो. वलये भरलेले हेच तेल जेट इंधन म्हणून मात्र उत्तम: दाट आणि उष्णतेला टिकणारे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात हॅरॉल्ड शोबर्ट यांच्या गटाने ९०० अंश फॅरनहाइटपर्यंत टिकेल असे 'जेपी-९००' इंधन कोळशातून काढण्याचे काम केले, ते याच गुणावर. कोळसा-तेलाला डिझेल बनवण्याच्या हट्टापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

हायड्रोजन टाळून नायट्रोजन काढायचे उपायही आहेत: सौम्य सल्फ्युरिक आम्लाने धुणे, सिलिका किंवा सक्रिय कोळशावर शोषून घेणे, आयनिक द्रव, कार्बाझोल खाणारे जिवाणू. डांबर-कारखान्यात आम्लाने पायरिडिन धुऊन काढण्याची रीत जुनीच आहे. दक्षिण कोरियात डिझेलसाठी शोषणाची पद्धत वापरून पाहिली गेली. पण तिथे नायट्रोजन दशलक्षात काही शे भाग. कोळसा-तेलात एक टक्का नायट्रोजन म्हणजे त्याला धरून बसलेले रेणू नऊ ते बारा टक्के. नायट्रोजन धुऊन काढला की टनामागे शंभर किलो तेलही धुऊन जाते! उदासीन कार्बाझोल आम्लाला दाद देत नाही ते वेगळेच. कार्बाझोलपासून जांभळे रंगद्रव्य होते, क्विनोलिनलाही गिऱ्हाईक आहे, परंतु इंधनाच्या मानाने ही बाजारपेठ नखाएवढी. शेवटचे थोडे अंश टिपण्यासाठी शोषण ठीक आहे. मुख्य काम त्याच्यावर सोपवणारे प्रस्ताव मी गंभीरपणे घेत नाही.

सध्या कोळशाला हायड्रोजन देऊन औद्योगिक प्रमाणावर थेट तेल काढणारा नाव घेण्याजोगा कारखाना चीनच्या आंतरमंगोलियात, ओर्डोसला आहे. शेनहुआ कंपनीने तो २००८ च्या अखेरीस सुरू केला. दिवसाला सुमारे ६,००० टन कोळसा, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास तेल. तिथली कळीची युक्ती अशी: कोळसा ज्या तेलात कालवतात ते तेलच आधी हायड्रोजनने भरून घ्यायचे. त्यामुळे नायट्रोजनवरचा खर्च पहिल्या टप्प्याच्याही कामी येतो, कारण भरलेली वलये कोळशाला हायड्रोजन देतात. जपाननेही काशिमा येथे १९९६ ते १९९८ या काळात दिवसाला १५० टनांच्या संचावर हेच तत्त्व पारखले होते. नायट्रोजन काढणे हा शेवटचा धुवाधुवीचा टप्पा न ठेवता सुरुवातीच्या चक्रात ओढणे, हे माझ्या मते या साऱ्या शतकातले सर्वांत फलदायी पाऊल.

भारताचे काय? धनबादच्या केंद्रीय इंधन संशोधन संस्थेने पन्नासच्या दशकापासून या विषयावर काम केले. आसामचा कोळसा राखेला कमी आणि द्रवीकरणाला अनुकूल, म्हणून ऑइल इंडियाने दुलियाजानला छोटा संच चालवून पाहिला. पण देशातला बहुतेक कोळसा गोंडवनी आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशासारखा राखेने जड, आणि द्रवरूप न होणाऱ्या घटकांनी भरलेला. त्याचे थेट तेल करू म्हणणाऱ्याने आधी राखेचे काय करणार ते सांगावे. नायट्रोजनचा प्रश्न त्यानंतर येतो. सरकारचा भर वायूकरणावर आहे: २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचे उद्दिष्ट, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांचे प्रोत्साहन. वायूकरणात नायट्रोजनचा बराच भाग अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड होऊन वायू धुतानाच निघतो आणि पुढे घडवलेले इंधन जवळपास नायट्रोजनमुक्त असते. दक्षिण आफ्रिकेत सासोल १९५५ पासून याच वाटेने इंधन करते. तरी वायूकरण म्हटले की नायट्रोजन सुटला असे नव्हे. सासोलच्या स्थिर थराच्या भट्ट्यांत डांबरही निघते, आणि त्या डांबराला शेवटी तोच हायड्रोजन आणि तोच निकेल-मॉलिब्डेनम लागतो.

पोलाद कारखान्यांच्या कोलतारपासून डिझेल करावे असाही प्रस्ताव अधूनमधून डोके वर काढतो. चीनमध्ये शान्शी प्रांतात तसे कारखाने आहेत, पण त्यांचे डांबर कमी तापमानावरचे, हलके. आपले कोक भट्ट्यांचे डांबर जड असते आणि त्याच्या पिचला अ‍ॅल्युमिनियम उद्योगात चांगला भाव आहे. ते डिझेलसाठी जाळण्यात मला शहाणपण दिसत नाही.

कोळशाचे तेल मागे पडले तरी हे ज्ञान अडगळीत जाणार नाही. शेवाळ दाब-उष्णतेत शिजवून काढलेल्या जैवतेलात चार-पाच टक्के, कधी त्याहून जास्त नायट्रोजन असतो, म्हणजे कोळसा-तेलाच्या कितीतरी पट. त्यातला बराच प्रथिनांमधून आलेला, पण शिजताना त्याचीही पायरोल-इंडोलसारखी वलये होतात. पाच टक्के धरले तर टनामागे पन्नास किलो नायट्रोजन; त्यासाठी किलोला किलोच्या जवळपासही हायड्रोजन लागला, तर तो कुठून आणायचा याचे उत्तर शेवाळाच्या प्रकल्प-अहवालात पहिल्याच पानावर असायला हवे. त्या अहवालांत बहुधा तेलाच्या टक्केवारीचे आकडे आधी येतात आणि हायड्रोजनचा तक्ता परिशिष्टात असतो.